मेसोपोटेमियात आजारानं गेलेले पणजोबा: नोंद, पदक आणि तिथी

तुमचे पणजोबा ११०व्या मराठा पलटणीतले. घरी त्यांचं पान घातचतुर्दशीला (पितृपक्षातल्या चतुर्दशीला) वाढतात आणि आता जुन्या कागदात ‘तापाने मृत्यू’ सापडलंय. मग हुतात्मा म्हणायचं की नाही, आणि तिथी बदलायची का, हे तुमचे प्रश्न.

महायुद्धात गेलेल्या शिपायांच्या कबरी आणि नावांची नोंद ठेवणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन मरणाचं कारण बघत नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना गेलेला शिपाई यादीत येतो, मग गोळीनं जावो की हगवणीनं. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत गावाच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) ही पलटण होती. ताजी भाजी मिळेना, घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपाई बरेच दिवस खाईनात, म्हणून स्कर्व्हीनं माणसं खंगली. त्या मरणाला कमी लेखायचं काहीच कारण नाही.

कमिशनच्या संकेतस्थळावर नुसत्या आडनावावर विसंबू नका, स्पेलिंग कारकुनाच्या कानावर असायचं. पदकाची कड भिंगातून वाचा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथं कोरलेली असते. नंबर आणि पलटण जुळली की बापाचं नाव नि गाव ताडून बघा. जिल्हा तेव्हाचा धरा: सिंधुदुर्ग रत्नागिरीत, रायगड म्हणजे कुलाबा, वाळवा-तासगाव साताऱ्यात. १९२२ नंतर हीच पलटण ‘५व्या मराठा’ची तिसरी बटालियन झाली, त्यामुळे पेन्शनच्या कागदावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. घरात सुमारे १२ सेंटीमीटरची ब्राँझची गोल पाटी असेल तर तो स्मृतिफलक; तो मृताच्या घरी येई, आजारानं गेलेल्यांच्याही. तिच्यावर फक्त नाव असतं. चिंच-राखेनं घासू नका, आणि मोडीत तर मुळीच घालू नका.

इराकमधल्या बसरा युद्धस्मारकाच्या भिंतीचा फोटो मागवून उपयोग नाही. तिथं हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांची फक्त संख्या. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मारकालाही हेलपाटा नको. पहिल्या महायुद्धातली तिथली नावं हिंदुस्थानात वारलेल्यांची आहेत.

घातचतुर्दशी शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची. आजारानं गेलेल्याचं पान पितृपक्षात त्याच्या मृत्युतिथीला. १९१६ मधल्या पाडव्यानंतरची तारीख असेल तर शके १८३८चं पंचांग बघा. कुतच्या शरणागतीनंतर तुर्कांच्या बंदिवासात वारलेल्याची तारीख नेमकी महिनाअखेरची दिसली तर ती अंदाजानं टाकलेली असू शकते. तेव्हा सर्वपित्री अमावास्या धरावी. घरातली म्हातारी माणसं चतुर्दशी सोडायला तयार नसतील तर माझ्या मते वाद घालू नये. ‘तापाने मृत्यू’चा तो कागद मात्र स्कॅन करून ठेवा, कारण कमिशनच्या नोंदीत मृत्यूचं कारण सहसा नसतं.