रमाकडे १३ रुपये बाकी की शिल्लक?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी चौथीत. शाब्दिक उदाहरण असे होते: रमाकडे ५० रुपये होते, तिने ३७ रुपयांची वही घेतली, तर किती उरले? मुलीने लिहिले, 'रमाकडे १३ रुपये बाकी आहेत.' बाईंनी 'बाकी' खोडून 'शिल्लक' केले. आई विचारते, वजाबाकीच्या उत्तराला बाकी म्हटले तर चुकले कुठे?

गणित अचूक आहे, आणि मुलीचा तर्कही. वजाबाकीत बाकी आहेच. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ 'उरलेले' एवढाच. 'बाकीची मुले कुठे गेली?' यात तो अर्थ तसाच टिकून आहे. भागाकारात शेवटी उरते तीही बाकीच.

पण हेच वाक्य एखाद्या किराणा दुकानदाराला वाचून दाखवा. 'रमाकडे १३ रुपये बाकी' म्हणजे रमाने अजून १३ रुपये दिलेले नाहीत, असेच तो समजेल. उधारीच्या वहीत मागची बाकी, येणे बाकी, थकबाकी हे सगळे शब्द अजून हाती न आलेल्या पैशांचे. हाती असलेल्या पैशांना व्यवहारात शब्द आहे शिल्लक. जुन्या पद्धतीच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, दिवसाची सुरुवातच 'श्री शिल्लक' लिहून होते, म्हणजे कालचे जमा-खर्च होऊन पेटीत जे खरोखर आहे ते.

एसटीत हे फार स्पष्ट कळते. तिकीट ३७ रुपयांचे, तुम्ही ५० ची नोट दिलीत आणि कंडक्टरकडे सुटे नाहीत. मग ते तिकिटामागे १३ लिहून देतात. आता 'कंडक्टरकडे माझे १३ रुपये बाकी आहेत' हे वाक्य बिनचूक आहे, कारण ते यायचे आहेत. मुलीच्या वाक्याची घडण हीच, फक्त कंडक्टरच्या जागी रमा. वजाबाकी दोन्हीकडे ५० उणे ३७. बाईंची दुरुस्ती म्हणूनच मला योग्य वाटते, फक्त तिचे कारण मुलीला सांगायला हवे होते.

'राहणे' आणि 'उरणे' यांतही हाच भेद दिसतो, आणि मला तो जास्त आवडतो. वीस पोळ्या करायच्या आहेत, बारा झाल्या. तव्यापाशी उभी असलेली बाई म्हणते, 'अजून आठ राहिल्या.' त्या आठ पोळ्या अस्तित्वातच नाहीत, परातीत नुसती कणीक आहे. जेवणे झाल्यावर डब्यात पाहून तीच म्हणते, 'पाच उरल्या.' या पाच खरोखरच्या पोळ्या, उद्या फोडणीच्या करायच्या. तव्यापाशी कुणी 'आठ उरल्या' म्हणणार नाही. डब्यापाशी मात्र 'पाच राहिल्या' चालून जाते, कारण 'राहणे' दोन्हीकडे वावरते. शाळेत आपण 'पाचातून तीन गेले, दोन राहिले' असेच घोकलेले असते. अशा वेळी अर्थ ठरवतो तो विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. 'माझ्याकडे तेरा रुपये राहिले' म्हणजे ते खिशात आहेत. 'माझे तेरा रुपये राहिले' म्हणजे कुणाकडे तरी अडकले. मराठी बोलणारे मूल हा फरक न शिकवता पाळते.

प्रश्नात नव्हते, तरी वजाबाकीतल्या 'वजा'बद्दल थोडे. तोही अरबीच. 'खर्च वजा जाता' मधला वजा आणि 'धमकीवजा सूचना' मधला वजा एकाच मुळाचे. त्या मूळ शब्दात ठेवणे, खाली ठेवणे असा अर्थ आहे आणि ठेवण, रीत असाही. एका अर्थातून वजा करणे आले, दुसऱ्यातून '-सारखे'. म्हणून धमकीवजा सूचनेतून धमकी काढून टाकलेली नसते, ती पुरेपूर असते.

या मुलीला 'बाकी' हा शब्द सोडायचा नसेल तर तिने 'वजाबाकी करून बाकी १३' असे लिहावे. त्यात कुणाकडे हा प्रश्नच येत नाही. रमाचे नाव वाक्यात आणायचे असेल तर 'रमाकडे १३ रुपये उरले' हे सगळ्यात सरळ, आणि उदाहरणात विचारलेही तसेच आहे: किती उरले?