सीमधला स्ट्रक्ट फील्डला फील्ड उतरवला, तरी दुसऱ्या भाषेत आकडे भलतेच का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएमपी या चित्राच्या फाइलचा हेडर (सुरुवातीची माहिती) वाचायला सीमधला स्ट्रक्ट (एकापाठोपाठ मांडलेल्या फील्डचा गट) पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये जसाच्या तसा उतरवलात. क्रम तोच, प्रकार तेच. सुरुवातीची ‘बीएम’ ही खूण बरोबर येते, पण फाइलचा आकार शून्य दिसतो आणि शेवटचं फील्ड लाखांत जातं. हाच हेडर पुढे रस्टमध्येही न्यायचाय.

पहिलं फील्ड बरोबर आणि तिथून पुढे सगळा गोंधळ, हे लक्षण पॅडिंगचं, म्हणजे फील्डच्या मध्ये सोडलेल्या मोकळ्या बाइटचं. बीएमपीच्या फाइल हेडरमध्ये पाच फील्ड आहेत: २ बाइटची खूण, ४ बाइटचा आकार, २-२ बाइटची दोन राखीव फील्ड आणि पिक्सेल कुठून सुरू होतात ते सांगणारे ४ बाइट. बेरीज १४. पण चार बाइटचा इंटिजर चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवायचा, ही कंपायलरची नेहमीची पद्धत. म्हणून तो खुणेनंतर गुपचूप दोन बाइट मोकळे सोडतो आणि स्ट्रक्ट १६ बाइटचा होतो. विंडोजच्या हेडर फाइलमध्ये हे होऊ नये म्हणून पॅकिंग २ वर आणलेलं असतं (म्हणजे दोनने भाग जाणारा पत्ता पुरतो), पण ती सूचना स्ट्रक्टच्या आत नसते, वरच्या एका इन्क्लूडमध्ये असते. नुसता स्ट्रक्ट कॉपी केला की ती मागेच राहते.

प्रत्यक्ष बाइट बघा. १०० बाय ५० पिक्सेलची, २४ बिटची फाइल घ्या. एक ओळ ३०० बाइट, ५० ओळींचे १५,००० आणि हा १४ बाइटचा हेडर व त्याच्या पाठोपाठचा ४० बाइटचा दुसरा हेडर मिळून ५४, म्हणजे एकूण १५,०५४. तिचे पहिले सोळा बाइट, दशमान आकड्यांत:

६६ ७७ २०६ ५८ ० ० ० ० ० ० ५४ ० ० ० ४० ०

६६, ७७ म्हणजे बी आणि एम. पुढचे चार बाइट लिटल एंडियनने, म्हणजे लहान किमतीचा बाइट आधी धरून, वाचले की २०६ + ५८ × २५६ = १५,०५४, म्हणजे आकार बरोबर. पायथन मात्र खुणेनंतर २०६ आणि ५८ पॅडिंग समजून ओलांडतो आणि पुढचे चार शून्य ‘आकार’ म्हणून हातात देतो. ५४ जाऊन बसतो राखीव फील्डमध्ये. शेवटचं फील्ड दोन शून्यांसोबत पुढच्या हेडरचे ४० आणि ० ओढून घेतं आणि २६,२१,४४० होतं. तुम्हाला दिसणारे लाख ते हेच.

पायथनमध्ये उपाय एका चिन्हाचा: फॉरमॅटच्या सुरुवातीला < लावा. कोणतंच चिन्ह नसेल तर मॉड्यूल तुमच्या मशीनच्या सीसारखं वागतं, पॅडिंगसकट. < लावलं की लिटल एंडियन, ठरलेले आकार, पॅडिंग नाही. फॉरमॅटचा आकार सांगणाऱ्या कॅल्कसाइझने आधी १६ आणि मग १४ येतात का, ते स्वतः बघून घ्या. (गो या भाषेची गंमत वेगळीच. तिथे मेमरीत हाच स्ट्रक्ट १६ बाइटचा असतो, पण एन्कोडिंग-बायनरी पॅकेज वाचताना पॅडिंग धरतच नाही, त्यामुळे तोच भाबडा कोड बरोबर चालतो.)

रस्टकडे वळण्याआधी एक ठरवा: हे बाइट फाइलमधून येतात की सीची लायब्ररी तुमच्याच प्रोसेसमध्ये पॉइंटर देते? लायब्ररी असेल तर पॅडिंग हवंच, कारण समोरच्या कंपायलरने ते घातलेलं आहे. तिथे रस्टमध्ये रेप्र-सी (सीसारखीच मांडणी ठेव, ही सूचना) लावायचं. ते नसेल तर रस्ट फील्डचा क्रमही बदलू शकतो. पायथनमध्ये यासाठी सीटाइप्स हे मॉड्यूल. सी शार्पमध्ये सिक्वेन्शियल लेआउट, आणि बूलवर लक्ष ठेवा: मार्शलिंगमध्ये (डेटा दुसऱ्या भाषेच्या कोडकडे नेताना) तो आपोआप चार बाइटचा होतो, सीचा बूल सहसा एकच बाइटचा असतो.

फाइल असेल तर मी स्ट्रक्ट बाइटवर थेट चढवतच नाही. पॅक्ड स्ट्रक्ट करता येतो, पण त्याच्या नेहमीच्या पत्त्यावर न बसलेल्या फील्डचा रेफरन्स घेऊ गेलात की रस्टचा कंपायलर अडवतो, आणि अडवतो ते बरंच. कागदावर ऑफसेटचा (फील्ड कितव्या बाइटपासून सुरू होतं त्याचा) तक्ता करा: ०, २, ६, ८, १०. मग त्या त्या ठिकाणचे बाइट घेऊन फ्रॉम-एलई-बाइट्सने इंटिजर बनवा. चार ओळी जास्त लागतात, पण बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवरही तोच कोड चालतो. फाइलमधून येणारा बूल किंवा इनम आधी साधा यू-एट (एका बाइटचा आकडा) म्हणून वाचा आणि तपासून मग बदला. रस्टच्या बूलमध्ये ० किंवा १ सोडून काहीही शिरलं तर ते सरळ अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची हमीच नाही.

मूळ कोडमध्ये लाँग हा इंटिजरचा प्रकार दिसला तर तो कुठल्या सिस्टीमसाठी लिहिलाय ते शोधा. ६४ बिटच्या लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचा. जावात न्यायचं असेल तर बाइटबफर मुळात बिग एंडियन असतो आणि बाइट चिन्हासकट. वरचा २०६ तिथे उणे ५० दिसेल.

आणि कॅरेक्टर अ‍ॅरे. वीस बाइटचं नावाचं फील्ड म्हणजे वीस अक्षरं हा हिशेब इंग्रजीपुरता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह; काना, हलन्त वेगळे मोजतात) तीन बाइट घेतो, ‘महाराष्ट्र’चे दहा कोडपॉइंट म्हणजे तीस बाइट. वीसवर कापलं की ‘महाराष’ उरतं आणि मागे हलन्ताचे दोन तुटके बाइट. सी ते निमूट ठेवतो, पायथन डिकोड करताना एरर देतो. त्यामुळे असं फील्ड बाइट म्हणूनच घ्या, पहिल्या शून्यापर्यंत कापा आणि तुटक्या शेपटाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

बिटफील्डचा (एका इंटिजरचे बिट वाटून घेणाऱ्या फील्डचा) क्रम सीच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलाय. त्यामुळे ते कुठल्याही भाषेत मास्क आणि शिफ्टनेच काढा. तुमच्या या हेडरमध्ये सुदैवाने एकही नाही.