मुलगा खेळताना इन्सुलिन पंप काढून ठेवतो. तो किती वेळ काढलेला चालतो?

पंप साधारणपणे तासभर काढून ठेवता येतो. सलग दोन तासांपेक्षा अधिक काळ मात्र तो काढलेला राहू नये. पंपात केवळ जलद परिणाम करणारे इन्सुलिन असते आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनासारखा साठा शरीरात मागे उरत नाही, त्यामुळे पुरवठा तुटल्यावर काही तासांतच रक्तातील साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) वाढू लागतात. पंप पुन्हा जोडताच साखर तपासावी. ती प्रति डेसिलिटर २५० मिलिग्रॅमच्या वर असल्यास कीटोनही पाहावेत. रागावण्यापेक्षा गजर लावून पंप जोडण्याचे काम मुलाकडेच सोपवणे अधिक उपयोगी ठरते (खात्री अर्थातच मोठ्यांनी करावी). त्वचेला चिकटणारे, नळी नसलेले बहुतेक पंप मात्र असे मधूनच काढून पुन्हा लावता येत नाहीत, आणि सुटलेला डोस भरून काढायचा की नाही हे मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवावे.