रोज नवं बंदर असलेल्या हवाई क्रूझवर हनिमूनला आराम मिळतो का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीहून फेब्रुवारीत हनिमूनसाठी 'प्राइड ऑफ अमेरिका'ची सात रात्रींची हवाई क्रूझ बघताय, लग्नाच्या धावपळीनं दोघंही थकलाय, पण वेळापत्रकात नुसत्या समुद्राचा एकही दिवस नाही. मग आराम होईल का? होईल. फक्त या जहाजाकडे फिरतं हॉटेल म्हणून बघा, आणि चारही बेटं 'उरकायची' हा विचार न्यू जर्सीतच ठेवून निघा.

आम्ही नेमकं उलटं केलं होतं. लग्न नाशिकला झालं, पण हनिमूनला मुहूर्त लागला दीड वर्षानं. तोवर नवऱ्याचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला, बाहेर गेलो तर परत शिरताना अडचण, म्हणजे कॅरिबियन बाद. हे जहाज अमेरिकेच्या झेंड्याचं, म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं आहे, ओआहू बेटावरच्या होनोलुलूहून निघतं आणि होनोलुलूलाच येतं. मध्ये परदेशी बंदर नाही, त्यामुळे देशात परत शिरण्याची भानगडच नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजांना १८८६च्या एका कायद्यामुळे अशी नुसत्या अमेरिकी बंदरांची फेरी करता येत नाही. ती कॅलिफोर्नियाहून पंधरा-सोळा दिवसांची फेरी मारतात, जाताना चार-पाच दिवस पाणी, येतानाही तेवढंच, आणि मेक्सिकोत एन्सेनाडाला पाय टेकवून येतात. समुद्राचे दिवसच हवे असतील आणि रजा शिल्लक असेल, तर व्हिसा तपासून ती फेरी बघा.

या जहाजाचा आठवडा असा असतो: शनिवारी संध्याकाळी निघायचं. रविवारी सकाळी माउईचं काहुलुई, तिथे सोमवारी संध्याकाळपर्यंत मुक्काम. मंगळवारी 'हवाई' याच नावाच्या मोठ्या बेटावरचं हिलो, बुधवारी त्याच बेटावरचं कोना, गुरुवारी काउआईचं नाविलिविली, तिथेही रात्रभर. शुक्रवारी दुपारी निघून जहाजावरूनच काउआईचा नापाली किनारा बघायचा, शनिवारी सकाळी होनोलुलू. तुमच्या कामाच्या आहेत त्या मुक्कामाच्या दोन रात्री. जहाज हलत नाही, परतायची घाई नाही, बाहेर निवांत जेवून या.

आमच्या नवऱ्यानं मात्र एक्सेल शीट केलं होतं. तासातासाचं, रंगीत. सोमवारी पहाटे माउईच्या हालेआकाला ज्वालामुखीवरचा सूर्योदय. १०,०२३ फूट उंची, आणि पहाटे तीन ते सात या वेळात वर जायला गाडीचं आरक्षण आधीच करावं लागतं, ते त्यानं केलेलं. अडीचला उठलो, दीडेक तास घाट चढलो. हवाईला जायचं म्हणून मी सुती कुर्ते भरलेले आणि वर थंडी अशी की दात वाजत होते. बॅगेत मामांनी लग्नात दिलेली शाल होती, आईनं कोंबलेली. त्या एका शालीत दोघं उभे राहिलो. ढग खाली होते, सूर्य त्यांच्यातून वर आला, कोणीतरी हळू आवाजात हवाई भाषेत मंत्र म्हणत होतं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण शीटमध्ये पुढे लगेच माउईवरच्याच हाना गावाचा रस्ता होता. सहाशेहून जास्त वळणं! पहिल्या पन्नासेक वळणांत आमचं जे भांडण झालं ते लग्नाच्या याद्यांवरूनही झालं नव्हतं. गाडी वळवली.

मंगळवारी हिलोला पाऊस. हिलोला पाऊस असतोच, आपल्या आंबोलीसारखा. नसला तर चौकशी करावी. ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कचा बेत रद्द केला आणि जहाजावरच राहिलो. तेव्हा कळलं, बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं. पोहण्याच्या तलावावर आम्ही दोघं, पत्ते खेळणारी दोन आजोबा-आजी आणि कंटाळलेला लाइफगार्ड. गरम पाण्याच्या टबात बसलोय, वरून पाऊस पडतोय, समोर ढगांत अर्धा बुडालेला हिरवा डोंगर. अख्ख्या आठवड्यातला हा सगळ्यात चांगला दिवस, आणि त्यासाठी वेगळा एक डॉलर दिला नाही.

म्हणून माझा सल्ला: चार बेटांत मिळून दोनच मोठ्या सहली ठेवा. एक माउईला. हालेआकालाला जायचं तर सूर्योदयाऐवजी दिवसा जा, दिवसा आरक्षण लागत नाही. जाकिटं मात्र घ्या. दुसरी गुरुवारी काउआईवर, वाइमेआ कॅनियनची. तिथली तांबडी माती बघून मला थेट रत्नागिरी आठवली. ही शुक्रवारवर ढकलू नका, जहाज दुपारीच सुटतं. शुक्रवारी सकाळी धक्क्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या कालापाकी किनाऱ्यावर लोळा.

कोनाला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. सकाळी रांगा असतात. दहा-साडेदहाला आरामात उतरा, अलीई ड्राइव्हवर एक कप कोना कॉफी प्या आणि परत या. बास.

खोली बाल्कनीची घ्या, बाकी कुठे काटकसर करायची ती करा. फेब्रुवारीत हंपबॅक देवमासे माउईच्या आसपास असतात. सकाळचा चहा घेता घेता पाण्याचा फवारा दिसला तर सहलीचे पैसे वाचले समजा. कसिनो या जहाजावर नाही, त्यामुळे रात्री गोंगाटही कमी.

विमान शनिवारचं मुळीच घेऊ नका. न्यू जर्सीपेक्षा हवाई तेव्हा पाच तास मागे असतं, सुरुवातीला पहाटे तीनलाच टक्क डोळे उघडतात. गुरुवारी पोचा, दोन रात्री होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावरच्या हॉटेलात झोप काढा. सनस्क्रीन तिथेच विकत घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून तिथे बंद आहे.

आणि शुक्रवारी दुपारी बॅगा भरायला बसू नका. रात्री भरा. आम्ही बॅगेची चेन लावत बसलो होतो आणि नापालीचे ते उभे हिरवे कडे निम्मे सरकून गेल्यावर बाहेर धावलो.