देवदूत ही कल्पना पारशी धर्मातून आली का? आणि हिंदू धर्मात देवदूत असतात का?

'सगळे देवदूत इराणातून आले' असं तुम्ही वाचलंय म्हणता. या दाव्याचा सगळ्यात भक्कम पुरावा देवदूताचा नाहीच, एका राक्षसाचा आहे. त्याच्याकडे येतो.

बायबलच्या जुन्या कथांत दूत आहेतच, पण अगदी साधे. अब्राहमाकडे तीन वाटसरू येतात, तो वासरू कापून त्यांना जेवू घालतो आणि ते जेवतात. याकोबाला स्वप्नात दूत दिसतात ते शिडीवरून चढउतार करताना; पंख असते तर शिडी कशाला लागली असती? नावं तर नाहीतच. शमशोनाचा बाप मानोहा दूताला सरळ नाव विचारतो, तो सांगत नाही.

इ. स. पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, ज्यू बाबिलोनला नेले गेले. ५३९ मध्ये इराणचा राजा सायरस याने बाबिलोन जिंकलं आणि पुढची सुमारे दोनशे वर्षं ज्यू लोक इराणी राज्यात होते. त्यानंतरच्या दानिएलाच्या ग्रंथात गॅब्रिएल आणि मायकेल हे दूत बायबलमध्ये पहिल्यांदा नावानिशी येतात. गंमत म्हणजे जेरुसलेमच्या तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, खुद्द रब्बीच (ज्यू धर्मगुरू) म्हणतात की दूतांची नावं बाबिलोनहून आली.

आता तो राक्षस. तोबीतच्या ग्रंथात, म्हणजे एका जुन्या ज्यू कथेत, सारा नावाच्या मुलीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मरतात. मारणारा अस्मोदेउस. हे नाव बहुतेक अभ्यासक पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या 'ऐश्म दएव' म्हणजे क्रोधाच्या दैत्याशी जोडतात. साराचं घर इराणातच, एकबताना म्हणजे आजच्या हमदानला. तोबीतचा तरुण मुलगा तोबियास याला तिथवर सोबत करणारा वाटाड्या रोजच्या एका द्राख्माच्या मजुरीवर ठरवलेला असतो आणि शेवटी तो राफाएल निघतो, देवापुढे उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक. जरथुष्ट्री म्हणजे पारशी धर्मात सहा अमेशा स्पेंता, म्हणजे अमर पवित्र शक्ती आहेत, अहुर मज्दा म्हणजे खुद्द देव धरून सात. मला हे साम्य सूचक वाटतं, पुरावा वाटत नाही. अमेशा स्पेंता निरोप्ये नाहीत. बहमन म्हणजे सद्विचार, त्याच्याकडे गुरंढोरं. खोरदादकडे पाणी, अमरदादकडे वनस्पती. ते देवाचेच गुण आहेत आणि सृष्टीचे राखणदारही. पारशी पंचांगातल्या सहा महिन्यांना आजही त्यांची नावं आहेत.

म्हणून माझं मत असं: दूत ज्यूंचे स्वतःचे, पण त्यांची नावं, हुद्दे आणि विरोधी पक्षातले सैतान-राक्षस या मांडणीवर इराणची छाप आहे. इतर शेजाऱ्यांचीही आहे. मुंबईत फोर्टमधल्या मानेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल आहेत ना, ते घराणं मुळात असिरियाचं. बायबलमधले करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय प्राणी, तेही त्यांच्याच भावकीतले.

ख्रिस्ती धर्माने पुढे दूतांच्या नऊ श्रेणी लावल्या, ते सगळं सांगत बसत नाही. पंखवाले देवदूत ख्रिस्ती चित्रांत चौथ्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात, तोवर ते साध्या माणसासारखे. माहीमचं बुधवारच्या नोव्हेनाचं चर्च याच मायकेलचं.

इस्लाममध्ये कामं अगदी नेमून दिलेली. जिब्रील (म्हणजे गॅब्रिएलच) 'वही' म्हणजे अल्लाहचा संदेश आणतो, मलकुल मौत प्राण नेतो, किरामन कातिबीन माणसाची बरीवाईट कृत्यं लिहितात. फरिश्ते म्हणजे देवदूत नूरापासून, म्हणजे प्रकाशापासून घडलेले, अल्लाहचा हुकूम मोडत नाहीत. मग इब्लिसने, म्हणजे सैतानाने, कसा मोडला? कुराणात एके ठिकाणी उत्तर आहे: तो जिन्नांपैकी होता, फरिश्त्यांपैकी नव्हे.

आपल्याकडे नारदाचं नाव पटकन पुढे येतं, पण तो ऋषी. मनात येईल तिथे जातो, मनात येईल ते बोलतो. काम बघितलं तर चित्रगुप्त जवळचा आणि खरे दूत म्हणजे यमदूत-विष्णुदूत. बौद्ध पाली ग्रंथांत 'देवदूत सुत्त' आहे, तिथे मेलेल्या माणसाला यम विचारतो, माझे दूत पाहिले नाहीस का? ते दूत म्हणजे तान्हं मूल, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा गुन्हेगार आणि प्रेत.

भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ मरताना मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारतो आणि विष्णुदूत येऊन यमदूतांना अडवतात. दोन्हीकडच्या दूतांत धर्म म्हणजे काय यावर रीतसर वाद होतो. यमदूत हात हलवत परततात आणि यमालाच विचारतात, या जगात शासन करणारे आहेत तरी किती? जिब्रील किंवा गॅब्रिएलवर हा प्रश्न विचारायची पाळी येत नाही.