माणशी 52 हजारांची क्रूझ आणि सहा माणसं

सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न: आम्ही दोघं, 14 आणि 10 वर्षांची मुलं आणि आई-बाबा मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जायचं म्हणतोय. एजंटने माणशी 52 हजार, म्हणजे 3 लाख 12 हजार सांगितलेत. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 75 हजार जातात. 4 लाखांची एफडी आहे, तीच काय ती शिल्लक. ती मोडावी, की 14 टक्क्यांनी 3 लाखांचं पर्सनल लोन काढावं?

दोन्ही नको. व्याजाचा मुद्दा नंतर, आधी तो 3 लाख 12 हजारांचा आकडाच खरा नाही.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय: ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप) 18 डॉलर, माणशी, रोज, जहाजावर देय. सहा माणसं, चार रात्री, म्हणजे 432 डॉलर. झाले 38-39 हजार. विमान त्यात नाहीच. मुंबई-सिंगापूर जाऊन-येऊन माणशी 30 हजार धरले तरी 1 लाख 80 हजार. हॉटेलची एक रात्र, व्हिसा, विमा यांचे 60 हजार. किनाऱ्यावरच्या सहली, वाय-फाय, किरकोळ खर्च 40 हजार. बेरीज सव्वासहा लाखांच्या पुढे जाते. वर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर आगाऊ घेतला जाणारा कर, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातूनच जातो. आणि जहाजावर फोन फ्लाइट मोडवर ठेवा. समुद्रात तो जहाजावरचं, उपग्रहामार्फत चालणारं नेटवर्क पकडतो. तसलं बिल मी स्वतः एकदा भरलंय, तेही 'पोचलो' एवढं सांगण्यापायी.

म्हणजे एफडी मोडूनही भागणार नाही, आणि वर सव्वापाच महिन्यांची बेगमी संपेल. घरात म्हातारी माणसं असताना तिला हात लावू नका. लोनचं म्हणाल तर 24 महिने 14,400 चा हप्ता, 45 हजारांहून जास्त व्याज, आणि निम्मा खर्च तरीही उघडाच.

सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. बाबांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा 'पुढे कधीतरी' म्हणण्यात अर्थ नाही. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझचं कोटेशन मागवा. विमान, व्हिसा, डॉलर, तिन्ही गळतात. मात्र लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीतून किनारा गाठावा लागतो. बाबांना ती चढ-उतर झेपेल का, हे आधी त्यांनाच विचारा. नाहीतर नुसतं गोवा करा.

केबिनचं गणित एजंट आपणहून सांगत नाही. माणशी भाव बहुधा एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला बऱ्याचदा कमी पडतं. तुम्हाला सहाही जणांचा सारखाच भाव लावलाय, म्हणजे तीन केबिन धरल्या असाव्यात. तुम्ही चौघं एका केबिनमध्ये, बिनखिडकीची चालेल. मुलं तशीही दिवसभर पूलमध्येच असतील. बाल्कनीचे पैसे आई-बाबांच्या केबिनवर घाला.

लोनचा जो 14,400 चा हप्ता झेपेल असं वाटत होतं, तोच बारा महिने आरडीत टाका. 1 लाख 72 हजार आणि वर व्याज जमेल. त्यात बसेल ती क्रूझ पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी घ्या.

एजंटने मागितलेलं 25 हजारांचं टोकन परत न मिळणारं आहे. अजून दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर तारीख आणि मार्ग बदलून मिळतो का, ते लेखी घ्या.