बाबांच्या साक्षीतले माझे न बोललेले वाक्य

पत्र : ताई, सलाम. माझे वय 41. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी अंगणवाडी सेविका आहे. माझे वडील पूर्वी फार प्यायचे आणि आईला व मला बैल हाकण्याच्या तुतारीने मारायचे. मी सोळा वर्षांची असताना आई गेली. चार वर्षांपूर्वी वडिलांनी दारू सोडून बाप्तिस्मा घेतला आणि आता ते प्रत्येक सभेत साक्ष देतात. साक्षीच्या शेवटी म्हणतात, “देवाने मला क्षमा केली आणि माझ्या मुलीनेही केली.” मी असे कधीच म्हटलेले नाही. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. दोन्ही भाऊ बाहेरगावी असल्यामुळे ते माझ्याकडे आहेत. मी त्यांचे सगळे करते, पण मनात माया येत नाही. रात्री त्यांनी खाटेवर काठी आपटली की माझ्या तळहातांना घाम सुटतो. मागच्या महिन्यात त्यांनी चांगल्या हाताने जेवणाचे ताट भिरकावले. आमचे पाळक म्हणतात, नाताळाच्या सभेत बापाशेजारी उभी राहा आणि क्षमेची साक्ष दे, म्हणजे तुझीही आत्मिक वाढ होईल. मी रोज बायबलमधले वचन वाचते, उपास-प्रार्थना करते. माझी वाढ खुंटली आहे का? माझी सेवा ढोंग आहे का? मुलगी विचारते, तू आजोबांशी नीट का बोलत नाहीस? तिला काय सांगू?

प्रिय भगिनी,

सलाम. तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण नाताळ तोंडावर आल्यामुळे त्या सभेबद्दल आधी लिहिते. तुम्ही त्या सभेत उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात जे केले ते मंडळीसमोर सांगणे. जे अजून झालेले नाही ते झाल्यासारखे सांगितल्याने ते घडून येत नाही. उलट पुढे घरात तुम्हाला राग आला, रडू आले किंवा काही बोलावेसे वाटले, तर “तू तर सभेत क्षमा केली होतीस” हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकले जाईल. तुमच्या मनातला जो एवढासा कोपरा अजून खरा राहिला आहे, तोही मग तुमच्याकडे उरणार नाही.

तुमच्या वडिलांचे बदलणे खोटे आहे, असे मी म्हणत नाही. इतकी वर्षे प्यायलेल्या माणसाने दारू सोडणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यांना त्यात देवाचा हात दिसत असेल तर तो नाकारणारी मी कोण? परंतु त्यांच्या साक्षीत एक वाक्य त्यांचे नाही, ते तुमचे आहे, आणि ते त्यांनी तुम्हाला न विचारता घेतले आहे. क्षमेचा विषय निघाला की आपल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक वेळा ज्याला मार बसला त्यालाच उपदेश केला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या माणसाविषयी सांगितले आहे, ते एकदा शांतपणे वाचा. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, हे ज्याला तिथे आठवते, त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करायचा आहे. म्हणजे उठून जायचे आहे ते ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने. तुमच्या घरात ती खाट आणि तुमची चूल यांच्यामध्ये फार तर दहा पावलांचे अंतर असेल. लकव्यामुळे बाबांना ती पावले टाकता येत नसतील, पण हाक मारून तुम्हाला जवळ बसवणे आणि “मी तुला व तुझ्या आईला मारले, ते माझे पाप होते” एवढे म्हणणे त्यांना जमण्यासारखे आहे, कारण ते सभेत बोलतात. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कयाने केवळ आनंद व्यक्त केला नाही. ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करीन, असे तो उभा राहून बोलला. आपल्या सभांमध्ये पश्चात्तापाचा हा हिशेबाचा भाग ऐकू येत नाही, हे मला नेहमी खटकते. रडणे आणि हात वर करणे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

योसेफाची गोष्ट तर संडे स्कूलमध्ये तुम्हीही मुलांना सांगितली असेल. भावांनी त्याला विकले होते. पुढे ते धान्यासाठी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये आले, तेव्हा त्याने लगेच त्यांच्या गळ्यात पडून ओळख दिली नाही. त्याने त्यांची परीक्षा घेतली, सर्वांत धाकट्या बन्यामिनाला आणायला लावले, त्या धाकट्या भावाला ते पुन्हा एकटे सोडतात का, हे पाहिले. मधल्या काळात तो त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडत होता. त्या भावांपैकी यहूदा जेव्हा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच योसेफाने आपले नाव सांगितले. त्या मधल्या दिवसांत योसेफाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. मग तुमचाच का म्हणावा?

आता वाढीविषयी. तुमच्या जिल्ह्यात वचनाचा दुष्काळ कधीच नव्हता. पुण्याला गेलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे पाळकांचे विद्यालय 1953 ते 1983 अशी तीस वर्षे यवतमाळातच होते, आणि तिथे शिकलेल्या पाळकांची प्रवचने तुमच्या भागातल्या कितीतरी घरांनी ऐकली आहेत. तरीही आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की विश्वासणाऱ्या माणसाने सतत विजयात असावे, आणि ज्याला अजून दुखते त्याच्या प्रार्थनेत काहीतरी खोट असावी. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेने हा समज कधीच मोडीत काढला आहे. 55 वे स्तोत्र काढा. घाव शत्रूने घातला असता तर सोसला असता, पण तो जवळच्याच माणसाने घातला, अशी त्यात तक्रार आहे. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची एक ओळही येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. तुमच्या उपास-प्रार्थनेत आजवर “मला क्षमा करायला शिकव” एवढेच मागितले असेल, तर आता काही दिवस वडिलांनी काय केले ते देवाला सांगा, त्या तुतारीसकट आणि आईच्या पाठीवरच्या वळांसकट. त्यात अविश्वास नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला इथे आठवते. दुष्काळात आई-वडील आणि बहीण, पुढे भाऊ आणि नवरा असे एकेक माणूस गमावलेल्या या बाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त आपल्याला आतून खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या विद्वान आणि कणखर बाईंना आठ वर्षे लागली आणि ती त्यांनी लपवली नाहीत. तुमच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याला चारच वर्षे झाली आहेत. त्यांचीही वाढ अजून व्हायची आहे आणि तिची सुरुवात बहुधा तुमच्याच घरात व्हावी लागेल, हे पाळकांनी त्यांनाही सांगायला हवे होते.

काठीच्या आवाजाने घाम सुटतो त्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सगळ्या पत्रात महत्त्वाची वाटली. लहानपणी पुन्हा पुन्हा मार खाल्लेल्या माणसाचे शरीर धोक्याची खूण ओळखायला शिकते, आणि धोका टळून पंचवीस वर्षे झाली तरी त्या खुणेसरशी छाती धडधडते, हातपाय गार पडतात, झोप उडते. हे पाप नाही, भुताखेताचे किंवा दुष्ट आत्म्याचेही नाही. त्यासाठी कोणी तुमच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने काही घालवून देऊ लागले तर नम्रपणे नको म्हणा. यावर उपचार आहेत. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. अंगणवाडीतून घरी आल्यावर, घरात कोणी नसताना फोन केला तरी चालेल. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे नव्हे. बाबांच्या लकव्यासाठी तुम्ही गोळ्या आणता, तेव्हा त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही.

आणि ती काठी खाटेजवळून काढून टाका. बोलावण्यासाठी त्यांना एक घंटी द्या. ही बारीक गोष्ट आहे, पण आजच करता येईल.

तुमची सेवा ढोंग आहे का, या प्रश्नाचे उत्तर प्रभूने दोन मुलांच्या दृष्टान्तात देऊन ठेवले आहे. बापाने मळ्यात जायला सांगितले तेव्हा एक मुलगा “जातो” म्हणून गेला नाही आणि दुसरा “जात नाही” म्हणाला पण नंतर गेला. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, एवढेच तिथे विचारले आहे. जाताना त्याच्या मनात माया होती का, हे विचारलेले नाही. तुम्ही त्यांना न्हाऊ घालता, भाकर कुस्करून भरवता, चादर बदलता. त्या वेळी मन कोरडे असेल तर असू द्या.

परंतु ही सेवा एकट्या तुमची नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी सर्व सज्ञान मुलांवर आहे, मग ती मुले कुठेही राहत असोत, आणि त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तुम्ही कज्जा करावा असे मी सुचवत नाही. भावांना फोन करताना हे माहीत असले की आवाजात विनवणी राहत नाही, एवढ्यासाठी सांगते. एकाने दरमहा औषधांचे आणि मदतीच्या बाईचे पैसे द्यावेत, दुसऱ्याने वर्षातून दोन महिने बाबांना आपल्याकडे न्यावे, असे ठरवूनच बोला. “जमेल तसे करा” म्हणाल तर काहीच होणार नाही.

ताट भिरकावल्याचेही डॉक्टरांच्या कानावर घाला. लकव्यानंतर मेंदूवर झालेल्या परिणामामुळे किंवा उदासीमुळे चिडचिड वाढू शकते आणि तिला औषध असते. मात्र कारण कोणतेही असले तरी मर्यादा तुम्ही घालायची आहे. पुन्हा ताट फेकले तर ओरडू नका, वाद घालू नका, “असे केलेत तर मी बाहेर जाईन” एवढे सांगून खोलीबाहेर या आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या कोणालातरी आत पाठवा. तुम्ही आता सोळा वर्षांच्या नाही आणि घर तुमचे आहे.

पाळकांना भेटायला एकट्या जाऊ नका, पतीला किंवा महिला मंडळातील एखाद्या समजूतदार बाईंना बरोबर घ्या. “पाळकसाहेब, बाबा बदलले याबद्दल मी देवाचे आभार मानते, पण क्षमेविषयी मी अजून बोलू शकत नाही आणि माझ्या नावाने कोणी बोलू नये, अशी माझी विनंती आहे,” एवढेच बोलून थांबा. त्यांनी सत्तर वेळा सात क्षमा करण्याचे, म्हणजे मोजदाद न ठेवता क्षमा करण्याचे वचन काढले तर ते ऐकून घ्या. ते वचन खरेच आहे. लूकाच्या सतराव्या अध्यायात त्याच क्षमेआधी अपराध करणाऱ्या भावाला दोष दाखवायलाही सांगितले आहे, हे त्यांनाही ठाऊक असेल.

बाबांशी मात्र तुम्हालाच बोलावे लागेल, आणि ते सभेच्या आधी. सकाळी त्यांचे अंग पुसून झाल्यावर, घर शांत असताना बोला. “बाबा, मी क्षमा केली असे तुम्ही सभेत सांगता. मी ते म्हटलेले नाही. ते वाक्य पुन्हा सांगू नका.” त्यांनी आईचा विषय काढला तर ऐका. ते रडले तर रडू द्या, डोळे पुसून गप्प बसवायची घाई करू नका. “बापाला असे बोलतेस?” म्हणाले तर उत्तर न देता उठून कामाला लागा. तुमचे सांगून झालेले असेल. कदाचित त्या दिवशी काहीच घडणार नाही, कदाचित महिन्याभराने ते स्वतः काही बोलतील. तसे झाले तर तेव्हा तुमच्या मनात काय येते ते पाहा. आधीपासून ठरवून ठेवू नका.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला खोटे सांगू नका आणि सगळेही सांगू नका. “आजोबा पूर्वी फार प्यायचे आणि मला व तुझ्या आजीला मारायचे. आता ते पीत नाहीत. मी त्यांचे करते, पण मला अजून वेळ लागतो आहे. तू त्यांच्याशी बोल, मला वाईट वाटणार नाही, आणि त्यांनी तुझ्यावर हात उगारला तर लगेच मला सांग.” एवढे पुरे आहे. आजीला कुठे आणि कसे मारायचे, हे तिने विचारले तर ती मोठी झाल्यावर सांगेन म्हणा, आणि मोठी झाल्यावर खरेच सांगा.